हळू बोलायची शाळा

नवा गहू घराघरांत आला की गिरणीवाल्याला दिवस पुरायचा नाही. सकाळी तो दार उघडायच्या आधीच पायरीवर डब्यांची रांग लागलेली असायची. डबे आपले उन्हात रांगेत उभे आणि त्यांचे मालक समोरच्या झाडाखाली सावलीत. एकदा बटण दाबलं, पट्टा सळसळला, दगड फिरायला लागले की दुपारी जेवायला थांबेपर्यंत त्या खोलीत माणसाने माणसाशी बोलायचं ते हातांनी. अंगठा बोटावर चोळला म्हणजे बारीक दळा. मूठ वळली म्हणजे भरड. तळहात आडवा धरला म्हणजे थांबा, पिशवी भरली. ही भाषा गिरणीवाल्याच्या वडिलांपासूनची. सगळ्या गावाला ती येत होती.

वीस वर्षं दगडांपाशी उभं राहून गिरणीवाल्याचे कान गेले होते. अगदी ठार नव्हते गेले. समोरच्याने तोंडाकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं तर कळायचं. एरवी तो मान हलवायचा आणि "हो, हो" म्हणायचा. कोणी हसलं की तोही हसायचा, कोणी तोंड पाडलं की तोही पाडायचा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर निभावून जायचं. त्याचे वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते, आणि लोक त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनाच नावं ठेवायचे, ते बिचारे मान हलवायचे. ते त्याने लहानपणी पाहिलं होतं आणि विसरला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं धोरण होतं. आपली मूठ अजून कोणाला उघडलेली दिसली नाही, बायकोलासुद्धा नाही, याबद्दल त्याची पक्की खात्री होती.

गावात दोनच माणसं त्याला न अडखळता ऐकू यायची. एक समोरच्या शाळेतले गुरुजी. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून शिकवता शिकवता त्यांचा घसा कायमचा तसा होऊन बसला होता. आणि दुसरी त्याची सहा वर्षांची मुलगी.

मुलगी गिरणीतच रांगली, पिठातच चालायला शिकली. गाव तिला भोंगा म्हणायचं. तिच्या आईला ते नाव मुळीच आवडत नसे, पण नाव ठेवणाऱ्यांची काही चूक नव्हती. शिवाय पोरीची बोलायची एक पद्धत होती. बोलायच्या आधी ती समोरच्याची हनुवटी दोन्ही हातांनी धरायची, तोंड आपल्याकडे वळवायची आणि मगच सुरू करायची.

"बाबा! शेळीने माझा रुमाल खाल्ला! अर्धा खाल्ला! अर्धा मी ओढून घेतला!"

आणि गिरणीवाल्याला ते सगळं, शेळीसकट, स्वच्छ ऐकू यायचं. दिवसभरात त्याला असं पोटभर ऐकू येणारं दुसरं काही नव्हतं.

या वर्षी गावच्या शाळेतल्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. दोन खोल्या, चार इयत्ता आणि एकटे गुरुजी. ज्यांना जमलं त्यांनी आपापली मुलं शहराच्या वाटेवरच्या मोठ्या शाळेत घातली. त्या शाळेची व्हॅन सकाळी फाट्यावर येऊन थांबायची. भोंग्याचं शाळेचं पहिलंच वर्ष. तिला कुठे घालायची, हे ठरायचं होतं.

गिरणीवाल्याच्या बायकोचं ठरलेलं होतं. तिने जेवताना ताट बाजूला सारून सांगितलं, "गावची शाळा चौथीला संपते. माझीही संपली होती. पाचवीला लांब कोण सोडणार म्हणून मी घरी बसले ती बसलेच. मोठी शाळा दहावीपर्यंत आहे. एकदा आत शिरली की कोणी उठवणार नाही."

"खरं आहे," गिरणीवाला म्हणाला. तेव्हा त्यालाही ते मनापासून खरंच वाटत होतं.

मोठ्या शाळेने मुलीला घेऊन भेटायला बोलावलं तो दिवस नेमका गर्दीचा निघाला. कोणीतरी एकाने गिरणीवर थांबायला हवं होतं.

"मी जाते तिला घेऊन," बायको म्हणाली. "तुम्हाला तिथे..." आणि तिथेच थांबली.

"मला तिथे काय?"

"काही नाही. कपडे झटकून जा. भुवया पांढऱ्या दिसताहेत."

मोठ्या शाळेत भिंती स्वच्छ होत्या आणि पहिलीच्या वर्गातल्या खुर्च्या गिरणीवाल्याच्या गुडघ्याएवढ्या होत्या. भोंग्याने तसली खुर्ची जन्मात पाहिली नव्हती. पाय जमिनीला टेकतात हे कळल्यावर ती एकीवर बसली, उठली, दुसरीवर बसली, असं करत तिने सगळी रांग बसून काढली. शेवटी तिला हाताला धरूनच मोठ्या बाईंच्या खोलीत न्यावं लागलं.

मोठ्या बाई वयस्क होत्या, चष्मा नाकावर, आवाज बारीक. त्यांनी मुलीला नाव विचारलं. भोंगा टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेली, त्यांची हनुवटी दोन्ही हातांत धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव असं काही सांगितलं की बाहेर डुलक्या काढणारा शिपाई धावत आत आला. मग आकडे म्हणायला सांगितले. तिने चाळीसपर्यंत म्हटले, एकही न चुकता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला वाकून काहीतरी समजावलं. तिने मान डोलावली.

मग बाई कागदावर लिहू लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी गिरणीवाल्याला काही विचारलं. त्याला दिसत होता फक्त त्यांचा भांग.

"हो, हो," तो म्हणाला.

बाईंनी आणखी काही विचारलं.

"हो."

त्यांनी वर पाहिलं. चेहरा जरा कळवळल्यासारखा होता. त्यानेही तोंड तसंच केलं. बाईंनी कागद घडी करून ठेवला आणि तो नमस्कार करून बाहेर पडला. अंगाला घाम फुटला होता, पण निभावलं होतं.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? पोरगी हुशार आहे म्हणाल्या."

"आणखी?"

"आणखी काय! कळवतील."

आठ दिवसांनी कळवलं. पोस्टमनने पत्र गिरणीतच आणून दिलं. पत्र एवढंसंच होतं, पण गिरणीवाला ते दोनदा वाचत बसला. मुलीला ऐकू कमी येतं, असं पालकांनी भेटीत सांगितलं आहे. तरी कान तपासल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन शनिवारच्या आत भेटावं. न आल्यास जागा दुसऱ्या मुलाला दिली जाईल.

पिशवी भरून पीठ बाहेर सांडायला लागलं तरी तो कागदच बघत होता. डब्याची मालकीण तळहात आडवा धरून धरून दमली, शेवटी तिनेच त्याला हलवलं.

म्हणजे बाईंनी ते विचारलं होतं! मुलगी एवढी ओरडते, हनुवटी धरते, तिला ऐकू येत नाही का? आणि आपण म्हटलं, हो, हो. कानफुटका बाप आणि शिक्का पोरीवर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण नंतर, तोच पट्टा, तोच दगड, तसाच तो उभा असताना, त्या लाजेच्या खालून हळूच दुसरं काहीतरी वर आलं. त्याला बरं वाटलं. शनिवार गेला की जागा जाईल. जागा गेली की पोरगी समोरच्या शाळेत. दिवसभर डोळ्यांसमोर राहील, गुरुजींसारखीच मोठ्याने बोलत. त्या दुसऱ्या शाळेत बाईंनी ओठांवर ठेवलेलं ते बोट त्याला आठवत होतं. तिथे ती हळू बोलायला शिकेल, चांगल्या घरच्या मुलांसारखी. मग आपल्याला काय ऐकू येणार? आपल्याला बरं वाटल्याची त्याला लगेच किळस आली, पण वाटलं होतं हे खरं होतं. त्याने पत्राची घडी केली आणि दगडाला टाकी लावायची छिन्नी-हातोडी ज्या पत्र्याच्या डब्यात असायची, त्या डब्यात ठेवली.

त्यानंतर त्याला व्हॅनमध्ये खोडी दिसायला लागल्या. टायर गुळगुळीत आहेत. चालवणारा पोरगा तिकडे बघून इकडे वळवतो. शाळेचा जिना उभा आहे. बायको ऐकून घ्यायची. "नाचता येईना, अंगण वाकडं," एकदा एवढंच म्हणाली, पण ते तिने भांडी घासता घासता म्हटलं, त्यामुळे त्याला पोचलं नाही.

बुधवारी गुरुजी आपला डबा घेऊन आले. गिरणी चालू असूनही ते दारातून बोलले ते त्याला कळलं.

"काय ठरलं रे पोरीचं?"

"तुमच्याकडेच घालतो म्हणतो, गुरुजी."

गुरुजींनी डबा खाली ठेवला. "मला आवडेल. अशी पोरगी वर्गात असली की बाकीचे झोपत नाहीत. पण तुला खरं सांगू? मी एकटा. पहिलीला अक्षरं देऊन चौथीची गणितं तपासायला बसलो की मागे वळेपर्यंत पहिली झाडावर चढलेली असते. तिथे जागा मिळत असेल तर घालव नकोस."

"व्हॅनचं काही खरं नाही."

"व्हॅनचं," गुरुजी म्हणाले. मग अंगठा बोटावर चोळून झाडाखाली जाऊन बसले.

गुरुवारी दुपारी वीज गेली. पट्टा थांबला, दगड थांबले. बायको घरी स्वयंपाकाला गेली होती. गिरणीवाला पोत्याला टेकून बसला आणि पोरगी काय करते ते पाहू लागला. तिने रिकामे डबे दोन ओळींत मांडले होते. ती त्यांच्यासमोर उभी होती, हात मागे बांधून. तिचे ओठ हलत होते. डब्यांना काहीतरी शिकवणं चाललं होतं. गिरणीवाल्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मग ती त्याच्यासमोर आली. हनुवटी धरली नाही. हात मागेच. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बरंच काही बोलली ती. बोलून झाल्यावर नेहमीच्या आवाजात ओरडली, "ऐकू आलं?"

"नाही," गिरणीवाला म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण नाही म्हणालो.

भोंगा जागच्या जागी उडी मारून टाळ्या पिटू लागली. "जमलं! बरोबर जमलं!"

"काय जमलं?"

"हळू बोलायचं! त्या बाई म्हणाल्या, शाळेत यायचं तर हळू बोलायचं. मी आईला बोलून दाखवलं तर आईला ऐकू आलं. पण आईला सगळंच ऐकू येतं. तुला आलं नाही म्हणजे खरं हळू!"

गिरणीवाला पोत्यापासून सरळ होऊन बसला. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. वजनकाट्यावर दगड ठेवावा तसा तिने आपल्या बापाचा कान मापाला घेतला होता, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. माझा बाबा उंच आहे, माझ्या बाबाला ऐकू येत नाही.

"काय म्हणालीस पण मघाशी?"

"ते शाळेतलं आहे. ते मोठ्याने नाही सांगायचं." मग तिला त्याची दया आली असावी. ती जवळ आली. "बाबा, त्या खुर्च्या आहेत ना, त्या उद्या पण असतील?"

"असतील."

"कोणी दुसरं बसेल त्यावर?"

त्याने छिन्नी-हातोडीच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं.

संध्याकाळी, उजेड असतानाच, तो न्हाणीघराच्या दगडावर अंग धुवायला बसला. रोज बायको तांब्याने पाणी ओतायची, कारण केसांत आणि कानांमागे बसलेलं पीठ ओलं झालं की त्याची खळ व्हायची आणि एकट्याने निघायची नाही. त्याने डोक्यावर पहिला तांब्या घेतला आणि खाली मान घालून पत्राचं सगळं सांगून टाकलं. हो म्हटल्याचं सांगितलं. डब्याचं सांगितलं. बरं वाटल्याचंही सांगितलं. पाणी थांबलं होतं. त्याने वर पाहिलं. ती तांब्या हातात धरून उभी होती.

"मला ऐकायला कमी येतं," तो म्हणाला. "तुला सांगितलं नव्हतं."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, तोंडासमोर तोंड आणून. "आठ वर्षं मी या घरात ओरडतेय, ती काय हौस म्हणून?"

त्याने तोंडावरचं पाणी हाताने निपटलं.

"माझ्या आईकडे गेले की आई म्हणते, अगं, मी काही बहिरी नाही, हळू बोल. आणि पोरीला हनुवटी धरायला कोणी शिकवलं? मीच शिकवलं, ती दोन वर्षांची असताना. बाबाशी बोलायचं तर तोंड फिरवून घे, म्हटलं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात. तुमचा एवढा खटाटोप चाललेला, म्हटलं, कशाला मोडा." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. मग तिने त्याच्या कानामागचं पीठ अंगठ्याने घासायला घेतलं, जरा जोरातच. "पण त्यापायी पोरीची जागा घालवायला निघालात, हे मात्र मी विसरणार नाही. दाखला आता एका दिवसात कोण देणार?"

"दाखला नको. खरं सांगितलं की झालं."

"मी जाऊन सांगते उद्या."

"नाही," तो म्हणाला. "मान मी हलवली. मीच सांगेन."

शुक्रवारी सकाळी बायको पट्ट्यापाशी उभी राहिली आणि तो धुतलेले कपडे घालून पायरी उतरला. रांगेतल्या म्हातारीने त्याला अडवलं. ती कोंबड्या विकायची आणि गावातल्या सगळ्या बातम्या आधी तिच्याकडे यायच्या.

"गर्दीच्या दिवशी मालक कुठे निघाले?" तिने विचारलं, तोंड वर करून.

गिरणीवाल्याने एकदा रांगेकडे पाहिलं. "शाळेत. मला ऐकू येत नाही हे सांगायला."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "अरे, मग आम्हाला विचारायचंस. आम्ही सगळे गाडी करून आलो असतो साक्षीला."

झाडाखालची माणसं हसली. तोही हसला, आणि या खेपेला कशाला हसतोय ते त्याला माहीत होतं.

मोठ्या शाळेत शिपायाने बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही. दारातच उभा राहिला आणि बाईंनी वर बघताच बोलून टाकलं, कारण थांबला असता तर धीर सुटला असता.

"बाई, माझ्या मुलीला ऐकू येतं. बहिरा मी आहे."

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. त्याचा आवाज सबंध व्हरांड्यात घुमला. शेजारच्या वर्गातलं म्हणणं बंद पडलं आणि दारातून चार-पाच डोकी बाहेर आली. बाई काहीतरी बोलल्या. त्याची मान सवयीने हलायला निघाली, ती त्याने धरून ठेवली.

"कळलं नाही. इकडे बघून, मोठ्याने बोला."

बाईंनी चष्मा काढला. उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि वर्गात ओरडतात तशा बोलल्या, "मग त्या दिवशी हो का म्हणालात?"

"लाज वाटली म्हणून."

दारातली डोकी ऐकत होती. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, ती आत गेली. मग त्या पुन्हा त्याच्याकडे वळल्या. "चूक माझीही आहे. खाली बघून बोलायची मला खोड आहे. सोमवारी मुलीला पाठवा. मी मागून हाक मारीन. तिने वळून बघितलं की झाला दाखला."

"बघेल," तो म्हणाला. "मुंगी चालली तरी बघेल." जायला वळला, पण पाय निघेना. "बाई, तिला हळू बोलायला शिकवणार ना?"

"शिकवावं लागेल. एका वर्गात चाळीस मुलं. तुमची काही हरकत आहे का?"

गिरणीवाल्याने टोपी हातात चुरगाळली. हरकत होती. गळ्यापर्यंत हरकत होती.

"नाही," तो म्हणाला. "शिकवा."

सोमवारी पोरगी मागून आलेल्या हाकेला वळली आणि तिला जागा मिळाली. पहिल्या आठवड्यात घरी आली की ती तशीच भोंगा होती. मग रोज थोडी थोडी हळू होत गेली, चंद्र रोज थोडा कमी दिसावा तशी. घरात बायको आठवण करून द्यायची, "बाबाशी मोठ्याने," आणि ती बोलायचीही. पण शाळेतून येताना तिच्या जिभेवर अजून शाळाच असायची.

एका दुपारी गिरणीवाला तिला आणायला फाट्यावर गेला. व्हॅन थांबली. ती उतरली, दप्तर पाठीवर, वेणी सुटलेली, तोंड आनंदाने फुललेलं. त्याच्यासमोर उभी राहून ती काहीतरी सांगू लागली. हात हलत होते, भुवया वर जात होत्या, मध्येच तिला हसू येत होतं. सांगायची गोष्ट मोठी होती एवढं दिसत होतं. व्हॅनच्या खिडक्यांतून दुसरी मुलं बघत होती. चालवणारा पोरगाही बघत होता.

"मला ऐकू आलं नाही गं," गिरणीवाला म्हणाला. "परत सांग."

ती जराशी दमली. मग परत सांगितलं, थोडं मोठ्याने. त्याला नुसतं 'बाई' एवढं ऐकू आलं. खिडकीतलं एक पोरगं हसलं.

"अजून नाही कळलं. परत सांग."

तिने मागे व्हॅनकडे पाहिलं, मग बापाकडे. तो खाली उन्हातच गुडघ्यांवर बसला होता, तिच्या उंचीला येऊन, आणि तिच्या ओठांकडे बघत होता. तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी त्याला एवढं कळलं, की आज तिने वर्गासमोर उभं राहून धडा वाचला. बाकीचं त्याने तिसऱ्यांदा विचारलं.